सात नंबरचं लोखंड

पहिल्या क्लबात अर्ज चार पानी.
नाव. खाली पतीचं नाव. त्याखाली पतीचा हुद्दा.
मग कुठंतरी, बारीक टायपात, हँडिकॅप.
मी सेक्रेटरींना म्हटलं, गुडघा लिहू का?
डावा दुखतो, जिना चढताना.
ते हसले नाहीत.
भिंतीवरच्या फोटोंतल्या मिशाही हलल्या नाहीत.
"लेडीज मंगळवारी. सकाळी नऊनंतर."
मंगळवारी नऊनंतर उद्यमनगरात
माझ्या दारात कच्च्या लोखंडाचा ट्रक उभा असतो,
आणि फी म्हणाल तर भट्टीचं नवं अस्तर होईल तेवढी.
चहा मात्र चांगला होता.

दुसरा हायवेला, कागलच्या अलीकडे.
उंच जाळी, रात्रीचे दिवे,
चेंडू आपोआप वर येतो, वाकायला नको.
शिकवणारा पोरगा उमदा होता,
पण बोलत होता माझ्या जावयाशी:
"आँटींना एकदम हलकी स्टिक देऊ."
आँटी अठ्ठावीस वर्षं साचे उचलते आहे
हे जावयानं त्याला सांगितलं नाही.
मी ती काठी घेतली, डोकं कानाजवळ धरलं,
नखानं वाजवलं.
बद्द आवाज. आत फुगा राहिलेला.
विचारलं, कुठल्या फाउंड्रीचं?
जावई म्हणाले, मम्मी, निघूया.

तिसऱ्याला क्लब म्हणावं का, कोण जाणे.
गारगोटीच्या वाटेवर एक माळ,
नऊ भोकं, पत्र्याची शेड,
सुतळीनं बांधलेलं पेन.
मुजावर म्हणाला, इथं गवत दिवाळीपर्यंत टिकतं.
म्हणून भोकाभोवती हिरवळ नाही, वाळू आहे,
वाळूत जळकं तेल, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

मी वाकले. मूठभर घेतली, दाबली, उघडली.
बोटांचे ठसे जसेच्या तसे उभे.
बांधणी बरोबर.
हा वास माझ्या साड्यांना आहे,
त्याआधी वडिलांच्या सदऱ्याला होता
आणि आई तो सदरा वेगळ्या बादलीत भिजवायची.

मग विचारायचं तेच विचारलं, हळू आवाजात:
बायकांची सोय?
उत्तर मुजावरनं नाही, बायाक्कानं दिलं.
ती खेळून झालेल्या वाळूवरून पाइप ओढत होती,
पावलं पुसत.
"चौथ्या भोकापाशी हाय. कडी बी हाय.
सा म्हैने भांडून मीच बसवून घेतलो."

सात नंबरचं लोखंड दिलं मला.
पहिला फटका हवेत गेला.
दुसरा मुरमात.
ढेकूळ उडालं ते थेट शेडच्या पत्र्यावर,
चेंडू जागेवर, माझ्याकडं बघत.
"माती लई लांब ग्येली, बाई," बायाक्का म्हणाली,
आणि मी हसले तेव्हा कळलं
की आधीच्या दोन्ही ठिकाणी
पोट आत धरून उभी होते.

किती चुकले ते मोजलं नाही.
दर वेळी ती म्हणायची,
"मारा तुमी. मी पुसतो की."

रजिस्टरात एकच रकाना: नाव.
सुतळी आखूड, वाकूनच लिहावं लागतं.
विजयमाला चौगुले, लिहिलं. पुढं काही विचारलं नाही.
जावई गाडीत फोनवर होते.

निघता निघता एक लागला.
कसा, ते मला विचारू नका;
मनगटांना आधी कळलं,
साच्यातून ओतीव सुटून निघावी तसं,
खरचटल्याशिवाय.
टक्, आणि गेला.
शेळ्यांमागचा पोरगा ओरडला, उसात पडला, उसात!
आम्ही बांधावर जाऊन बघितलं.
पुरुषभर ऊस, काय सापडणार.
बायाक्का म्हणाली, टोळी जानेवारीत येती,
तवर ऱ्हाऊ दे तितंच.

मी तारीख लिहून ठेवली आहे,
भट्टीच्या कॅलेंडरवर, ट्रकच्या तारखांच्या खाली.